डाव्या गुडघ्याचं बेअरिंग

त्या रविवारी पहाटे सव्वापाचला बुटांच्या नाड्या आवळताना संयोगितानं ठरवून टाकलं, आज सांगायचंच! वाक्य तयार होतं. 'बाबा, मला पळायला आवडत नाही.' पाच शब्द. शेंबडं पोरगंसुद्धा एका दमात म्हणेल. आदल्या दिवशी तिनं बाथरूममध्ये नळ सोडून ते सहा वेळा म्हणून पाहिलं होतं आणि सहाही वेळा उत्तम जमलं होतं.

अडचण एवढीच, की बाथरूममध्ये बाबा नव्हते.

संयोगिता एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. लोकांना गप्प बसवायचा पगार घेऊन घेऊन तिला स्वतःलाच गप्प बसायची सवय लागलेली. चाळिशीला टेकलेली ही बाई एक मजला चढायलाही लिफ्टची वाट बघायची. ती पळायला कशी लागली, हे सांगायला हवं.

दिनकरराव, म्हणजे तिचे बाबा, बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं मेंटेनन्स फोरमन होते. रिटायर झाले आणि पहिल्या महिन्यात त्यांनी घरातलं सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या महिन्यात निजामपुऱ्यातली अख्खी सोसायटी दुरुस्त केली. शेजाऱ्यांचं फाटक करकरत नव्हतं, तरी त्यात तेल घालून आले. तिसऱ्या महिन्यात दुरुस्त करायला काही उरलंच नाही. मग ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर काही नव्हतं. कॅलेंडरसुद्धा नव्हतं!

"भिंतीला भोक पडेल आता," आई म्हणजे कुसुमावती एकदा म्हणाली. ती हसत म्हणाली, पण स्वयंपाकघरात गेल्यावर तिनं बराच वेळ नळ चालू ठेवला.

त्या संध्याकाळी संयोगिताच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मला एकवीस किलोमीटरची शर्यत पळायचीय. माझी तयारी कोण करून घेणार?"

साफ खोटं! कॉलेजच्या नोटिस बोर्डावर सकाळी शर्यतीचा कागद पाहिला होता, तेवढंच. पण दिनकररावांची मान वळली. भिंतीवरून नजर निघाली ती थेट तिच्या पायांवर आली.

"किती आर.पी.एम.नं पळायचंय?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. सोमवारी तपासणी, मंगळवारी तीन किलोमीटर, बुधवारी ऑइलिंग. रविवारी लांबची फेरी. ती पुढे पळायची आणि मागून दिनकरराव जुन्या स्कूटरवर ताशी आठच्या वेगानं यायचे. त्या वेगात स्कूटर सरळ ठेवणं सर्कशीतल्या माणसालाही जमणार नाही, पण त्यांना जमायचं. फतेहगंजची कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरून बघत बसायची.

तिसऱ्या महिन्यात तिचा डावा गुडघा दुखायला लागला. कोणाही बापाला काळजी वाटली असती. दिनकररावांचा चेहरा मात्र असा उजळला, जणू बऱ्याच दिवसांनी एखादं मशीन बंद पडलंय!

तर, त्या रविवारी. सोळा किलोमीटर होते. संयोगिता प्रत्येक दिव्याच्या खांबाला मनात वाक्य म्हणत होती. "बाबा, मला..." खांब गेला. "बाबा, मला पळायला..." दुसरा खांब गेला.

"थांब!" मागून आवाज आला. "डावा आवाज करतोय!"

"बाबा, गुडघ्याचा आवाज स्कूटरवर कसा येईल?"

"अडतीस वर्षं ऐकतोय मी. बस तिथं."

कमाटीबागेतल्या बाकावर तिला बसवून त्यांनी डिकीतून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक तिच्या गुडघ्याच्या वाटीवर टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटले. कारखान्यात बेअरिंग असंच ऐकतात म्हणे.

"वाक. सरळ कर. वाक. हं... वंगण आहे. बेअरिंग गेलेलं नाही. हा अलाइनमेंटचा प्रॉब्लेम आहे."

एव्हाना सकाळी फिरायला आलेल्या बायका भोवती जमल्या होत्या. त्यातल्या ठेंगण्या, पांढऱ्या बुटांतल्या नयनाबेन पुढे आल्या. "काका, मारो घूंटण पण जोई आपो ने!"

दिनकररावांनी त्यांचाही गुडघा ऐकला. मग त्यांच्या मैत्रिणीचा. मग आणखी एकीचा. बघता बघता बाकासमोर रांग लागली!

"बेन, बेअरिंग तुमचं फर्स्ट क्लास छे. लोड जरा ओछो करा, वजन उतरवा. फाफडा बंद."

"बिलकुल बंद, काका?"

"रविवारी चालशे."

बायका हसत होत्या, दिनकरराव कोणाच्या तरी गुडघ्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून डोळे मिटून बसले होते, आणि संयोगिता बाजूला उभी राहून बघत होती. या माणसाला आता काय सांगायचं?

घरी जाताना सेव-उसळ खायला थांबले. हीच शेवटची संधी. तिनं पाव खाली ठेवला.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"बोल की."

"उसळ फार तिखट आहे."

"पुढच्या रविवारी कमी तिखट सांगू," दिनकरराव म्हणाले आणि तिच्या ताटलीत स्वतःची शेव ओतली. घरी गेल्यावर त्यांनी तिच्या डाव्या बुटातलं टाचेखालचं पॅकिंग बदललं, हात धुतले, जेवले आणि झोपले.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना काही कळलंही नसेल. आईनं खुर्ची भिंतीकडून खिडकीकडे वळवून ठेवली आणि त्यावर कोणाला बसू दिलं नाही.

बडोद्यात राहायचं, तर मराठी माणसालाही बेसणं चुकत नाही. चार ते सहा. सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, फोटोला हार, फोटोशेजारी घरची माणसं मांडी घालून बसलेली. लोक येतात, हात जोडतात, पाच मिनिटं बसून जातात. पाच मिनिटं त्यांना. घरच्यांना पुरते दोन तास!

संयोगिता मांडी घालून बसली. सव्वाचारला गुडघा कुरकुरला. साडेचारला तो बोलायला लागला. पाचला त्यानं भाषण सुरू केलं. ती मात्र दगडासारखी ताठ. सोमवारपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. मागे काकू कोणाला तरी सांगत होत्या, "पोर रडली नाही हो अजून. आत साचतं ते. आमच्या मावशीचं असंच साचलं, तर थेट पित्ताशय काढायला लागलं."

साडेपाचला नयनाबेन आल्या. त्यांच्यामागे बागेतली अख्खी रांग, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. नयनाबेन वाकून म्हणाल्या, "काकाए कह्युं'तुं, लोड ओछो करो. में फाफडा बंद करी दीधा, बेन."

त्यांच्यासाठी उठावं म्हणून संयोगितानं हात टेकला. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला.

"आई गं!"

ती जी खाली बसली, ती डोळ्यांतून धारा घेऊनच! दुखतच तसं होतं. पण हॉलमध्ये एकदम हलकल्लोळ झाला. "मोकळी झाली! मोकळी झाली पोर!" काकूंनी हंबरडा फोडला, बागेतल्या बायका रडायला लागल्या, पाणी वाटणारासुद्धा ट्रे ठेवून डोळे पुसू लागला. सगळ्यांना इतकं समाधान झालं, की आपण गुडघ्यासाठी रडतोय हे सांगायची संयोगिताला लाज वाटली.

तेवढ्यात बळवंतराव काका उभे राहिले. दिनकररावांचे चुलतभाऊ. राहायला नागरवाड्यात, आवाज मात्र मांडवीपर्यंत.

"मंडळी! दिनकरची एकच इच्छा राहिली. पोरगी एकवीस किलोमीटर पळायची. ती पळणार की नाही?"

"काका, माझा गुडघा..."

"ऐकलंत? गुडघा मोडला तरी पळीन म्हणते! रक्त बोलतंय! आपले पणजोबा गायकवाड सरकारच्या घोडदळात होते!"

"पळायचे ते घोडे होते, काका," संयोगिता पुटपुटली. पण तिला गप्प बसवणारं आता कोणी लागतच नव्हतं. हॉलभर लोक माना डोलावत होते. फोटोसमोर झालेला संकल्प! तो कोण मोडणार? आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "पळायचंय का तुला?"

नाही म्हणायला एवढी जागा पुन्हा मिळणार नव्हती.

"हो," संयोगिता म्हणाली. स्वतःलाच एक फटका द्यावा, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात तेलं यायला लागली. सांत्वनाला येणारा प्रत्येक माणूस पिशवीतून बाटली काढायचा. निलगिरी, मोहरी, लसूण घालून कढवलेलं तीळ, कोणा साधूनं दिलेलं काळं, आणि एक तर असं, की त्याचा वास आल्यावर वरच्या मजल्यावरचे लोक गॅस तपासायला खाली आले. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलावं ते कोणाला सुचायचं नाही. गुडघ्याबद्दल मात्र प्रत्येकाला सुचायचं! लोक दोन मिनिटं दिनकररावांवर बोलत आणि वीस मिनिटं वाटीवर. संयोगिताला ते बरंच वाटायचं. गुडघ्याबद्दल बोलताना आवाज कापत नाही.

शेवटी आई तिला मृदुलाकडे घेऊन गेली. मृदुला निजामपुऱ्यातली फिजिओथेरपिस्ट. तिनं गुडघा वाकवला, फिरवला, मग बूट मागितले. डाव्या बुटात हात घालून तिनं एक चकती बाहेर काढली. टाचेच्या आकाराची, तीन मिलिमीटर जाड, कडा इतक्या सुबक कापलेल्या की दागिना वाटावा. वर बॉलपेननं तारीख आणि 'डावा'.

"हे काय आहे?"

"पॅकिंग. अलाइनमेंटसाठी. बाबांनी ओळंबा लावून माझे पाय मोजले होते."

"ते ऑर्थोपेडिक होते?"

"मेंटेनन्स फोरमन."

मृदुलानं टेप लावून दोन्ही पाय मोजले. एकदा, दोनदा. "तुमचे पाय अगदी सारखे आहेत हो! दुखणं असेल थोडं, ते पळण्याचं. पण ते वाढलंय या चकतीनं. एक पाय सारखा पायरीवर ठेवून पळताय तुम्ही. ही काढा, दोन आठवड्यांत आराम पडेल."

संयोगितानं चकती पर्समध्ये ठेवली. घरी आल्यावर तिनं ती टेबलावर ठेवून पाहिली. कपाटात ठेवून पाहिली. मग बुटात परत घातली.

पुढच्या खेपेला मृदुलानं विचारलं, "दुखतंय?"

"हो."

"काढली होती ना?"

संयोगिता पंख्याकडे बघायला लागली. मृदुलानं बुटात बोट घालून पाहिलं, तसंच बाहेर काढलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'रोज तीनदा बर्फ.' फी मात्र घेतली नाही.

इकडे बळवंतरावांनी चाळीस टीशर्ट छापून आणले. छातीवर दिनकररावांचा फेट्यातला फोटो, खाली 'दिनकरसेना'. छापणाऱ्यानं फोटो मोठा केला होता. फारच मोठा! काकूंच्या अंगावर दिनकरराव जेमतेम मावले. काकांचा पुतण्या वरद, त्याच्या बारीक अंगावर ते चातुर्मास केल्यासारखे दिसत होते. आणि काकांच्या पोटावर ते असे काही पसरले होते, की काका हसले की दिनकररावांचे गाल हलायचे. आईनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. संयोगिता धावत मागे गेली, तर आई हसत होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

तेव्हाही सांगता आलं असतं. पण हसणाऱ्या माणसाला मध्येच कोण थांबवतं?

शर्यतीच्या सकाळी दिनकरसेना झेंडा घेऊन हजर. चाळीसच्या चाळीस संयोगितामागे पळायला निघाले. "हर हर महादेव!" काका गरजले. पहिल्या किलोमीटरला काकू बसल्या. दुसऱ्याला काका झेंड्याला टेकून उभे राहिले. चौथ्याला सेव-उसळची गाडी लागली आणि निम्मी सेना तिथेच कामी आली. सहाव्याला संयोगिता एकटी होती.

एकटी पळायची तिला सवयच नव्हती. चार वेळा तिनं मागे वळून पाहिलं. पाचव्यांदा पाहिलं तेव्हा एक पोलीस म्हणाला, "बेन, कोई आवे छे?"

"ना," ती म्हणाली आणि पुढे लागली.

बाराव्या किलोमीटरला गुडघ्यानं हात टेकले. म्हणजे, टेकता आले असते तर टेकलेच असते! पुढचं अंतर ती चालली. लंगडत, खुरडत. पन्नाशीचे, साठीचे सगळे पुढे गेले. ढोल वाजवत पळणारा एक माणूसही पुढे गेला. मागे फक्त एक गाडी उरली. दमलेल्यांना उचलून नेणारी पांढरी व्हॅन. चालवणारे लक्ष्मणभाई काच खाली करून म्हणाले, "बेन, बेसी जाव ने. ए.सी. छे."

ए.सी.! संयोगितानं आयुष्यात याहून सुंदर शब्द ऐकला नव्हता. तिनं पायरीवर उजवा पाय ठेवला. कोणाला काही सांगायला नको, कोणाला नाही म्हणायला नको. गुडघ्यानं दगा दिला, संपलं!

"ना ना ना!" समोरून नयनाबेन धावत आल्या. रस्त्याकडेला टाळ्या वाजवायला बागेतली मंडळी उभी होती. "ए तो एना पप्पा माटे दोडे छे! उतारो एने!" चार बायकांनी तिला अलगद उचलून रस्त्यावर ठेवलं, लिंबूपाणी पाजलं आणि पाठीवर थापटून सोडलं.

पंधराव्या किलोमीटरला तिनं पुन्हा पायरी गाठली. या वेळी बळवंतराव काका रिक्षातून उतरले. टीशर्टवर, दिनकररावांच्या मिशीवर, उसळीचा डाग. "शाब्बास! क्षणभर टेकलीस ना? घे श्वास, घे. चल उठ!"

सतराव्याला रस्ता मोकळा होता. बायका नाहीत, काका नाहीत. आता कोण अडवतंय! तिनं व्हॅनचं दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. आतून लक्ष्मणभाईंनी कुलूप लावलं होतं.

"भाई, उघडा!"

लक्ष्मणभाईंचे डोळे ओले होते. एव्हाना त्यांना सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं. त्यांनी काचेआडून हात जोडले. "ना बेन. हुं आ पापमां नथी पडवानो."

मग ती चालत राहिली, आणि व्हॅन मागून ताशी चारच्या वेगानं, दिवे लुकलुकवत, कुलूप लावून येत राहिली.

ती शेवटी पोचली तेव्हा मांडववाले कमान उतरवायला शिडी लावून बसले होते आणि काका शिडीचा पाय धरून त्यांच्याशी भांडत होते. एकवीस किलोमीटर. चार तास अकरा मिनिटं. तिच्यामागे कोणी नव्हतं. आणि शेवटून पहिल्या आलेल्या बाईचं जे स्वागत झालं, ते पहिल्या आलेल्यालाही मिळालं नसेल. ढोल वाजले, फुलं उधळली, नयनाबेन तिला मिठी मारून रडल्या. आई मात्र खुर्चीवर बसून होती. तिनं फक्त हातातली बर्फाची पिशवी वर करून दाखवली.

निवेदकानं संयोगिताच्या हातात माईक दिला. "बोलो बेन! पप्पा माटे बे शब्द!"

ढोल थांबले. तिनं वर पाहिलं. समोर चाळीस दिनकरराव उभे होते. रुंद दिनकरराव, बारीक दिनकरराव, घामानं भिजलेले, मिशीला उसळ लागलेले, फेटा बांधून सगळे तिच्याकडेच बघणारे.

"बाबा," ती म्हणाली. कर्ण्यातून आवाज इतका मोठा आला, की ती दचकली. पण आता मागे कसं जाणार?

"बाबा, मला पळायला आवडत नाही."

कोणाच्या तरी हातातली ढोलाची काठी खाली पडली.

"पहिल्या दिवसापासून नाही आवडलं. तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात, म्हणून मी खोटं बोलले. गुडघा फार दुखतो, बाबा. तुमच्या पॅकिंगनं जास्त दुखतो."

"अगं!" काकांच्या पोटावरचे दिनकरराव थरथरले. "मी पुढच्या वर्षीची चाळीस नावं देऊन बसलोय ना!"

कोणीतरी खुदकन हसलं. बहुतेक आई होती. संयोगितानं माईक दोन्ही हातांत धरला आणि डोळे पुसले. या वेळी गुडघा दुखत होताच, पण त्यानं काही केलं नव्हतं.

"रविवार मात्र फार आवडायचा, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मागून यायचात ना."